वाचन शिकवणारी पेटी विकत मिळते का?

थोडी मोठी पोस्ट आहे. पण ज्यांच्या घरात बालवाडी ते चौथीतलं मूल आहे, त्यांनी वेळ काढून शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

शाळा सुरू झाल्यापासून ओळखीचे पालक मला एकच प्रश्न विचारतायत. "बाई, यंदा फीच्या पावतीत 'रीडिंग प्रोग्राम' असा वेगळा रकाना आलाय. घ्यायचा का?" मी बावीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, म्हणून विचारत असावेत. एका शाळेने पालकसभेत सांगितलं म्हणे, की अमेरिकेत हेच चालतं. शाळा कोणती हे इथे महत्त्वाचं नाही. पण 'अमेरिकेत हेच चालतं' हे वाक्य तपासून बघण्यासारखं आहे. कारण लहान मुलांना वाचायला शिकवण्याच्या तयार पेट्या अमेरिकेने जितक्या विकत घेतल्या, तितक्या क्वचितच कुठल्या देशाने घेतल्या असतील. त्या बदलल्या, परत घेतल्या, त्यावरून निवडणुका आणि चौकश्यासुद्धा झाल्या. त्या सगळ्याचा हा थोडक्यात इतिहास.

आधी पेटी म्हणजे काय ते सांगते. मुलांची गोष्टींची पुस्तकं, अक्षरांची कार्डं, सरावाच्या वह्या, चाचण्या, आणि शिक्षकासाठी एक जाडजूड मार्गदर्शिका. आता त्यात ॲपचा पासवर्डही असतो. हे सगळं एका प्रकाशकाकडून, एका क्रमाने, एका किमतीला. वर्गात कोणत्या दिवशी काय करायचं ते छापलेलं असतं. काही पेट्यांत तर शिक्षकाने तोंडाने काय बोलायचं तेही छापलेलं असतं.

वाचनमालांचा काळ

१८३६ साली सिनसिनाटी शहरात विल्यम मॅकगफी या प्राध्यापकाच्या वाचनमालेची पहिली पुस्तकं निघाली. आधी सोपे शब्द, मग छोटे धडे, मग नीतिकथा आणि उतारे. पुढच्या शंभरेक वर्षांत या मालेच्या सुमारे १२ कोटी प्रती खपल्या असा अंदाज आहे. एवढ्या का खपल्या? कारण त्या काळी खेड्यापाड्यांत एका खोलीची शाळा असायची. शिकवणारा किंवा शिकवणारी बऱ्याचदा विशीच्या आतली, आणि प्रशिक्षण जवळजवळ शून्य. अशा वेळी पुस्तक हाच शिक्षक होता. पेटीचा जन्म इथे झाला, शिक्षकाच्या प्रशिक्षणाच्या जागी पुस्तक ठेवण्यातून. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा हेच दिसणार आहे.

भांडणही तेव्हाच सुरू झालं. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षणसुधारक होरेस मान यांना आधी सुटी अक्षरं घोटवून घेणं पसंत नव्हतं. मुलाला अर्थ असलेला पूर्ण शब्द दाखवा, असं त्यांचं म्हणणं. १८४४ मध्ये बॉस्टनच्या ३१ मुख्याध्यापक-शिक्षकांनी त्यांच्या मतांना जाहीर उत्तर दिलं, आणि त्यात अक्षरापासून सुरुवात करण्याची बाजू मांडली. अक्षर आधी की शब्द आधी? आपल्याकडेही बाराखडी आधी की चित्रशब्द आधी, यावर शिक्षकांच्या खोलीत वाद होतात. तो वाद तिकडे पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुना आहे.

विसाव्या शतकात शब्दवाले जिंकले. १९३० च्या दशकापासून शिकागोच्या स्कॉट फोर्समन कंपनीची 'डिक अँड जेन' ही वाचनमाला देशभर पसरली. डिक, जेन, धाकटी सॅली, कुत्रा आणि मांजर. मोजके शब्द घ्यायचे, आणि तेच पानोपानी इतक्या वेळा आणायचे की मुलाला शब्दाचं रूपच पाठ व्हावं. अक्षराचा आवाज वेगळा शिकवण्यावर भर नाही. शब्द बघायचा आणि म्हणायचा.

यातली अडचण प्राथमिकच्या कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असते. मूल घडाघडा वाचतंय असं वाटतं. मग तुम्ही चित्रावर हात ठेवता, आणि ते थांबतं. किंवा पान झाकलं तरी ते 'वाचत'च राहतं, कारण धडा पाठ झालेला असतो.

१९५४ मध्ये जॉन हर्सी या लेखकाने 'लाइफ' मासिकात शाळेतली ही पुस्तकं किती कंटाळवाणी आहेत यावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांचं 'व्हाय जॉनी कान्ट रीड' हे पुस्तक आलं. मुलांना अक्षरांचे आवाज शिकवलेच जात नाहीत म्हणून ती वाचत नाहीत, असा थेट आरोप. पुस्तक प्रचंड गाजलं. याच वातावरणात एका प्रकाशकाने डॉक्टर स्यूस यांच्या हातात सोप्या शब्दांची यादी ठेवली आणि त्यातून गोष्ट लिहा म्हणाला. १९५७ मध्ये आलेली 'द कॅट इन द हॅट' ही ती गोष्ट. तिच्यात वेगवेगळे शब्द आहेत फक्त २३६. आपल्या घराघरांत आज जे रंगीत पुस्तक दिसतं, त्यामागे वाचनाच्या पेट्यांवरचं हे भांडण आहे.

पहिली मोठी तुलना

भांडण वाढल्यावर सरकारने एक शहाणं काम केलं. पद्धतींची समोरासमोर तुलना करायची ठरवली. देशात वेगवेगळ्या ठिकाणी २७ प्रकल्प झाले, पहिलीच्या वर्गांत, वेगवेगळ्या पद्धती आणि साहित्य वापरून. गाय बाँड आणि रॉबर्ट डायकस्ट्रा यांनी १९६७ मध्ये निष्कर्ष मांडले.

त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. नुसत्या वाचनमालेपेक्षा तिला अक्षर-ध्वनीच्या नीट शिक्षणाची जोड दिली, तर मुलं सर्वसाधारणपणे पुढे जात होती. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. कोणतीही एक पद्धत सगळीकडे सरस ठरली नाही. एकच पद्धत, एकच पुस्तक, तरी एका वर्गात मुलं छान वाचत होती आणि दुसऱ्यात अडखळत होती. म्हणजे वर्ग, शिक्षक आणि शाळा यांचा फरक साहित्याच्या फरकाला झाकून टाकत होता. त्याच वर्षी हार्वर्डच्या जीन चॉल यांनी आपल्या मोठ्या अभ्यासात सांगितलं, की सुरुवातीला अक्षर-ध्वनीचं नातं थेट शिकवणं फायद्याचं दिसतं. पण त्यांनीही फक्त तेवढंच शिकवा असं म्हटलं नव्हतं.

हे १९६७ चं शहाणपण आहे. तिथेच थांबले असते तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

पण त्याच वर्षी केनेथ गुडमन या अभ्यासकाने मांडलं, की वाचन हा एक प्रकारचा अंदाजाचा खेळ आहे. चांगला वाचक प्रत्येक अक्षर बघत नाही, संदर्भावरून पुढचा शब्द ओळखतो. ऐकायला छान वाटतं. मोठी माणसं आपल्याला वाटतं तसंच वाचतात. (पुढे डोळ्यांच्या हालचालींवर झालेल्या संशोधनाने दाखवलं, की तरबेज वाचकाची नजर जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर पडते आणि तो अक्षरं टिपतोच.) या विचारातून 'होल लँग्वेज' नावाची चळवळ उभी राहिली. मुलांना खरी, सुंदर पुस्तकं द्या, लिहू द्या, अक्षरओळख ओघात होईल.

या चळवळीने वर्गात चांगली पुस्तकं आणली, मुलांना आपल्या मनातलं लिहायला लावलं, आणि त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण 'ओघात होईल' हे सगळ्या मुलांच्या बाबतीत खरं ठरत नाही. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, रात्री आई गोष्ट वाचून दाखवते, त्याचं होतं. ज्याच्या घरी नाहीत त्याचं राहून जातं.

'समतोल' हा शब्द कुठून आला

कॅलिफोर्नियाने १९८७ मध्ये साहित्याधारित शिक्षणाकडे झुकणारा आराखडा स्वीकारला. १९९४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या वाचनात हे एवढं श्रीमंत राज्य लुइझियानासोबत राज्यांच्या यादीत तळाशी दिसलं. कारणं अनेक होती. वर्ग मोठे होते, शाळांचा पैसा आटला होता, इंग्रजी घरात न बोलणारी मुलं भरपूर होती. पण बोट वाचन शिकवण्याच्या पद्धतीकडे गेलं. १९९६ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्या शीर्षकातच 'समतोल आणि सर्वसमावेशक' वाचनशिक्षण हे शब्द होते.

म्हणजे 'बॅलन्स्ड लिटरसी' हा तहाचा शब्द होता. दोन्ही बाजू थकल्या होत्या. अक्षरवाल्यांनी समजायचं आपली अक्षरं आली, पुस्तकवाल्यांनी समजायचं आपली पुस्तकं राहिली. शिक्षक वर्गाला गोष्ट वाचून दाखवेल, सगळे मिळून मोठं पुस्तक वाचतील, छोट्या गटात मार्गदर्शनाखाली वाचन होईल, मूल स्वतःच्या आवडीचं वाचेल, लिहील, आणि शब्दांचा अभ्यासही होईल. यात चुकीचं काय? काहीच नाही. फक्त प्रमाण कोणी ठरवलं नव्हतं. भेळेत चुरमुरे, फरसाण, चटणी सगळं असतं. प्रत्येक भेळवाल्याची भेळ मात्र वेगळी.

ती मोकळी जागा प्रकाशकांनी भरली. वाचनाचा बाजार मोठा होता, आणि शाळांना 'समतोल' नावाचं काहीतरी हातात हवं होतं.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. २००३ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात शिक्षणप्रमुख जोएल क्लाइन यांनी शहरातल्या बहुतेक शाळांना समतोल साक्षरतेची एकच चौकट लावली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या लूसी कॉकिन्स यांच्या कार्यशाळा पद्धतीचा त्यावर मोठा ठसा होता. शिक्षक दहा-पंधरा मिनिटं एखादं कौशल्य दाखवणार, मग प्रत्येक मूल आपल्या पातळीचं पुस्तक घेऊन वाचणार, शिक्षक एकेकाजवळ बसणार. आयरीन फाउंटस आणि गे सू पिनेल यांनी पुस्तकांना ए पासून झेडपर्यंत पातळ्या लावल्या होत्या. या दोघींचं आणि कॉकिन्स यांचंही साहित्य हाइनमन या प्रकाशनाकडून निघायचं, आणि ते देशभर गेलं.

यात वाचनाची गोडी होती, मुलाबद्दल आदर होता. शिक्षकांना ही पद्धत मनापासून आवडायची, आणि का आवडायची ते मला समजतं. पण मूल एखाद्या शब्दाशी अडलं की त्याला काय सांगायचं? चित्र बघ. पहिलं अक्षर बघ. इथे काय शोभेल त्याचा विचार कर. म्हणजे पुन्हा तोच अंदाज. चित्रात ससा आहे, शब्द 'बनी' आहे, मूल 'रॅबिट' म्हणतं, आणि अर्थ बरोबर आहे म्हणून पुढे जातं. पहिली-दुसरीत निभावतं. तिसरी-चौथीत चित्रं कमी होतात, शब्द लांब होतात, आणि तेव्हा कळतं की याला वाचता येत नाही. तोवर त्याला स्वतःलाच वाटायला लागलेलं असतं की आपण ढ आहोत.

उलट्या टोकाची पेटी

अक्षरवाल्यांनीही आपली पेटी आणलीच.

२००० साली संसदेने नेमलेल्या राष्ट्रीय वाचन मंडळाने अहवाल दिला. चांगल्या वाचनशिक्षणात पाच गोष्टी लागतात: शब्दातले आवाज ऐकून ओळखणं, अक्षर-ध्वनीची जोडणी, ओघवतं वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन. २००२ मध्ये बुश सरकारने 'रीडिंग फर्स्ट' ही योजना आणली. वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर, संशोधनाला धरून शिकवणाऱ्या शाळांसाठी.

लॉस एंजेलिसने त्याच सुमारास 'ओपन कोर्ट' ही वाचनमाला शेकडो शाळांत लावली. कोणत्या आठवड्यात कोणता धडा याचं वेळापत्रक, त्यावर लक्ष ठेवायला प्रशिक्षक. शिक्षकांनी त्यांना नाव ठेवलं 'ओपन कोर्ट पोलीस'. खालच्या वर्गांचे गुण सुरुवातीला वाढले, हेही खरं. पण वर्गातलं मूल मागे पडलं तरी वेळापत्रक पुढे जायचं. आपल्याकडे पोर्शन संपवायची घाई असते ना, तसंच.

'रीडिंग फर्स्ट'चं काय झालं? २००६ मध्ये शिक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. ठराविक कार्यक्रमांना झुकतं माप दिलं गेलं आणि हितसंबंधांकडे नीट लक्ष दिलं गेलं नाही, असे ताशेरे त्यात होते. २००८ मध्ये योजनेचं मूल्यमापन आलं. शाळांनी वाचनाला जास्त वेळ दिला होता, पहिलीच्या मुलांचं शब्द उलगडणं सुधारलं होतं. पण वाचलेलं समजण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. नंतर योजनेचे पैसे आटले.

हा निकाल नीट समजून घेण्यासारखा आहे. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं होतं. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: शब्द उलगडता येणं, आणि ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. न्यूयॉर्कच्या पेटीत पहिला आकडा कच्चा राहत होता. 'रीडिंग फर्स्ट'मध्ये पहिला आकडा वाढला, पण तेवढ्याने उत्तर वाढलं नाही.

दोन वेगळी उदाहरणं

मग तयार कार्यक्रम कधीच उपयोगी पडत नाहीत का? पडतात. १९८७ मध्ये बाल्टिमोरच्या एका शाळेत रॉबर्ट स्लेविन आणि नॅन्सी मॅडन यांनी 'सक्सेस फॉर ऑल' सुरू केलं. रोज ९० मिनिटं वाचन. त्या वेळेपुरती मुलं इयत्तेप्रमाणे बसायची नाहीत, वाचता किती येतं त्याप्रमाणे बसायची. मागे पडलेल्याला लगेच एकेकट्याने मदत. ठरावीक आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि गट बदल. हाही विकत मिळणारा, बराचसा लिहून दिलेला कार्यक्रम. पण त्यांची एक अट होती. शाळेतल्या किमान ८० टक्के शिक्षकांनी गुप्त मतदानाने 'हवा' म्हटलं, तरच शाळेला द्यायचा. नको असलेल्या शिक्षकाच्या हातात दिलेली पेटी कपाटात जाते, हे त्यांना माहीत होतं. आणि हा कार्यक्रम बाहेरच्या मोजमापाला, शाळांची चिठ्ठ्या टाकून निवड करून केलेल्या तुलनेलाही सामोरा गेला.

दुसरं उदाहरण मिसिसिपीचं. अमेरिकेतलं हे सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. २०१३ मध्ये तिथे प्राथमिक वाचनाचा कायदा झाला. राज्याने सुरुवातीला सगळ्यांवर एकच पेटी लादली नाही. बालवाडी ते तिसरीच्या शिक्षकांना मूल वाचायला कसं शिकतं याचं सखोल प्रशिक्षण दिलं, आणि कमजोर शाळांमध्ये वाचन-मार्गदर्शक पाठवले. ते वर्गात शिक्षकाच्या शेजारी उभे राहून काम करायचे. वर्षातून अनेकदा मुलांची तपासणी. चौथीच्या राष्ट्रीय चाचणीत राज्याचा सरासरी गुण २०१३ मध्ये २०९ होता, २०१९ मध्ये २१९ झाला, म्हणजे देशाच्या सरासरीइतका. याच कायद्यात तिसरीला वाचता न आल्यास नापास करण्याची तरतूद होती, आणि गुण वाढण्यात तिचा वाटा किती यावर तिकडे वाद आहे. तो वाद मी लपवत नाही. पण शिक्षकाच्या शिकण्यावर पैसा आधी खर्च केला, ही गोष्ट उरतेच.

आणि पुन्हा पेटी

२०२२ मध्ये एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंची 'सोल्ड अ स्टोरी' ही ध्वनिमालिका आली. अंदाजाने वाचायला शिकवणाऱ्या कार्यक्रमांवर तिने झोड उठवली. पालक संतापले, राज्यांनी कायदे केले. कॉकिन्स यांनी आपल्या साहित्यात अक्षर-ध्वनीचा भाग वाढवून नवी आवृत्ती काढली. २०२३ मध्ये टीचर्स कॉलेजने त्यांचा प्रकल्प बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे शिक्षणप्रमुख डेव्हिड बँक्स यांनी शहराच्या ३२ शालेय जिल्ह्यांना सांगितलं, की तीन मान्य वाचन कार्यक्रमांपैकी एक निवडा.

बहुतेक जिल्ह्यांनी 'इनटू रीडिंग' निवडला. तो हॉटन मिफ्लिन हार्कोर्ट या कंपनीचा. आणि ज्या हाइनमनची पुस्तकं शहराने बाजूला ठेवली, ते हाइनमन कोणाचं? त्याच कंपनीचा एक विभाग.

दुकान तेच, पेटी नवी. यात कुणी बेकायदा काही केलं असं नाही. कंपनीचं काम विकणं आहे. पण शाळेचं काम विकत घेणं नाही, हे शाळेने लक्षात ठेवायला हवं होतं.

आपल्यासाठी यातून काय

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे विकायला येणाऱ्या बहुतेक पेट्या इंग्रजी वाचनाच्या आहेत. त्या ज्या मुलासाठी बनल्या, ते मूल शाळेत येताना इंग्रजी बोलत येतं. 'पिग' हा शब्द त्याला अक्षरं जोडून वाचता आला, की डुक्कर डोळ्यासमोर येतं. आपलं मूल घरी मराठी बोलतं. ते प-इ-ग जोडून 'पिग' म्हणेल, आईबाबा टाळ्या वाजवतील, आणि मुलाच्या डोळ्यासमोर काहीच येणार नाही. वर सांगितलेला गुणाकार आठवा. पेटी पहिला आकडा देईल. दुसरा आकडा, म्हणजे भाषा समजणं, बोलण्यातून, गोष्टींतून, गाण्यांतून येतो, आणि तो कोणत्याही कार्डावर छापलेला नसतो.

मराठीची गोष्ट आणखी वेगळी. आपली लिपी बऱ्यापैकी उच्चाराला धरून आहे. 'चहा'चा च आणि 'चमचा'चा च असे काही अपवाद सोडले, तर अक्षर कळलं की आवाज कळतो. इंग्रजीत एकाच स्वराचे अनेक उच्चार, म्हणून तिकडच्या पेटीत वर्षानुवर्षांचे नियम असतात. ते मराठीवर जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. आपल्याला अडतात काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं.

यावर आपल्याच मातीत काम झालंय. अमेरिकेत जन्मलेल्या आणि फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेमार्फत मराठी मुलांच्या वाचनावर काम उभं केलं. वर्णमाला पूर्ण संपेपर्यंत थांबायचं नाही. थोडी अक्षरं आणि मात्रा शिकवायच्या, लगेच त्यांचे अर्थपूर्ण शब्द करायचे, आणि सोबतीला गप्पा, गोष्टी आणि मुलांचं स्वतःचं लेखन. समतोल म्हणायचाच तर हा समतोल. पुन्हा यात महागडी पेटी लागत नाही. लागतो तो मुलं काय करतायत हे ओळखणारा शिक्षक.

मी पेट्यांच्या विरोधात नाही. नव्या, गोंधळलेल्या शिक्षिकेला नीट क्रम लावलेलं साहित्य मिळालं तर तिचा आणि मुलांचा फायदाच होतो. साठ मुलांचा वर्ग सांभाळताना रोज रात्री नवीन साहित्य करत बसा, असं म्हणणं सोपं आहे, करणं नाही. पण फीच्या पावतीत रकाना घालण्याआधी शाळेला चार प्रश्न विचारायला हवेत. पालकसभेत शांतपणे विचारा.

१. मूल एखाद्या शब्दाला अडलं, तर या कार्यक्रमात त्याला काय करायला सांगतात? अक्षरं जोडून बघ, की चित्र बघून अंदाज कर?

२. ज्या मुलाच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, त्याला शब्दांचे अर्थ आणि बोली भाषा यात कधी आणि कशी मिळते?

३. मूल मागे पडलं तर वेळापत्रक थांबतं का? त्याला वेगळी मदत कोण करतं, आठवड्यातून किती वेळा?

४. आमच्याकडून घेतलेल्या पैशातला किती भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जाणार? आणि शिक्षकांना हा कार्यक्रम हवा आहे का, हे त्यांना विचारलंत का?

चौथ्या प्रश्नाला सभेत शांतता पसरली, तर तेच उत्तर समजा.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांनी पैसा, संशोधक आणि चांगली नियत असूनही पिढ्याच्या पिढ्या या प्रयोगात घातल्या. एखादं शहर पद्धत बदलतं तेव्हा वर्तमानपत्रात बातमी येते. पण आधीच्या पद्धतीत जे मूल तिसरीत अडकलं, ते तोवर सातवीत गेलेलं असतं. त्याच्यासाठी नवी आवृत्ती निघत नाही. म्हणून घाई करू नका, आणि कुणी 'अमेरिकेत हेच चालतं' म्हणालं तर विचारा, कोणत्या साली?

तुमच्या शाळेत काय चाललंय ते शाळेचं नाव न घेता खाली लिहा. शिक्षकांनीही लिहा, तुमचं म्हणणं ऐकायचं आहे. आणि आज रात्री मोबाइल बाजूला ठेवून घरातल्या पोराला एक गोष्ट वाचून दाखवा. त्याची पावती फाडावी लागत नाही.